उभी राहा गं

आमच्या चर्चच्या मंडळीत एक मामा आहेत. जळालेल्या मोटारी आणि पंखे दुरुस्त करतात, म्हणून सगळे त्यांना वाइंडरमामा म्हणतात. त्यांचं दुकान जिन्याखाली आहे आणि इतकं चिंचोळं, की आत गेलेल्या माणसाला वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं. जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वॉर्निश लावून वाळत ठेवायची. काम करताना मामा तोंडातून शब्द काढत नाहीत. गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस मुका आहे की काय. पण पूर्वी त्यांना रविवारी कोणी ऐकलं असतं, तर हा गैरसमज झाला नसता.

कारण मामांची साक्ष म्हणजे आमच्या मंडळीचं भूषण होतं. उपासनेत एखादा पुढे येतो आणि प्रभूने आपल्याला कुठून कुठे आणलं ते सांगतो, ती साक्ष. मामा तरुणपणी प्यायचे आणि प्यायले की मामींना मारायचे. मग दारू सुटली, ते मंडळीत आले आणि पहिल्यांदा साक्षीला उभे राहिले. "मी दारू प्यायचो. बायकोला मारायचो. प्रभूने सोडवलं." एवढंच बोलले आणि खाली मान घालून जागेवर गेले. त्या दिवशी मी रडले होते, खोटं नाही सांगत. त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही, हेही तितकंच खरं.

पण आम्हाला साखर गोड लागली की पोतं संपवायची सवय. दुसऱ्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, पाहुणे आले की मामांची साक्ष. तरुणांचं शिबिर, मामांची साक्ष. हळूहळू साक्षीने बाळसं धरलं. तिच्यात पट्टा आला, मामींना केस धरून जिन्यापर्यंत ओढत नेणं आलं, कुठे थांबायचं आणि कुठे आवाज खाली आणायचा ते आलं. मामा हात उगारून दाखवायचे तेव्हा पुढच्या बाकावरच्या बायका डोळे मिटायच्या. आणि शेवट ठरलेला. मामा तिसऱ्या बाकाकडे बोट करायचे: "आणि ती बघा, माझी बायको! आज सुखात आहे! उभी राहा गं!"

मामी उभ्या राहायच्या. सगळे वळून बघायचे, "हालेलुया" म्हणायचे. मामी गीतांच्या पुस्तकाकडे बघत बसून घ्यायच्या. मी त्यांच्या शेजारीच बसायचे. मीही हालेलुया म्हणायचे आणि माझा आवाज चांगला खणखणीत आहे.

पाळकसाहेबांना मंडळी वाढवायची होती. माणूस वाईट नाही, पण रिकामे बाक दिसले की त्यांना झोप लागत नसे. त्यांनी पाहुण्यांचा रविवार ठरवला. प्रत्येकाने एक तरी शेजारी आणायचा, आणि मुख्य आकर्षण अर्थातच मामा.

मामींनी त्यांच्याच इमारतीतली तळमजल्यावरची आणली. तरणी बाई, तोंडावर स्कार्फ आणि स्कार्फच्या वर डोळ्याखाली निळं-काळं. तिच्या घरात काय चालतं ते सगळ्या जिन्याला माहीत होतं, पण जिना मूग गिळून गप्प. मामी कितीतरी दिवस तिच्या दाराशी जात होत्या. कधी भाजी निवडायला घेऊन, कधी नुसत्याच. ती यायला कबूल झाली ती एका शब्दावर. "तिथे तुझ्याकडे कोणी बघणार नाही," मामी तिला म्हणाल्या होत्या. "मागे बसू, गाणी ऐकू आणि निघू."

म्हणून त्या दिवशी मामी तिसऱ्या बाकावर नव्हत्या, अगदी शेवटच्या बाकावर होत्या. मामांना हे माहीत नव्हतं. साक्ष झकास रंगली. उगारलेल्या हाताच्या वेळी कोणीतरी हुंदका दिला. मग मामांनी बोट केलं, तर तिसऱ्या बाकावर मी आणि माझी पर्स. त्यांनी इकडेतिकडे शोधलं. "कुठे गेली? हां, ती बघा मागे! उभी राहा गं!"

अख्खी मंडळी वळली. बाक करकरले. मामी उठल्या नाहीत. मामांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. ते आणखी मोठ्याने म्हणाले, "अगं, उभी राहा ना!"

उभी राहिली ती तळमजल्यावरची. स्कार्फ नाकापर्यंत ओढून ती बाकांमधून वाट काढत बाहेर गेली, आणि तिच्या मागोमाग मामी. दार मिटल्याचा आवाज झाला. मामांचं बोट अजून तिकडेच होतं. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू केलं. आम्ही गायलो, दुसरं काय करणार.

त्यानंतर घरी काय झालं ते मामांनीच मला सांगितलं. मामींना विचारून सांगितलं, आधी नाही.

मामी दुपारी परत आल्या. मामा तणतणतच बसले होते. "सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस. उठायला काय झालं होतं?"

मामींनी चपला काढल्या. "ती जाताना मला काय म्हणाली, ऐकायचंय? म्हणाली, 'मामी, तुम्हाला दर वेळी उभं राहावं लागतं?'"

"अगं, पण मी माझंच पाप सांगतो ना? तुझं थोडंच सांगतो?"

"पाप तुमचं. बघतात मला."

मामी पुढे म्हणाल्या, "देवाची माफी मागितलीत. मंडळीची मागितलीत. ज्यांना मी ओळखत नाही त्या पाहुण्यांचीसुद्धा मागितलीत. माझी कधी मागितलीत?"

"मला माफ कर," मामा लगेच म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला. बरोब्बर जागी कापरा झालेला, माइकसमोरचा आवाज. तेवढाच एक आवाज त्यांच्याकडे उरला होता. मामी आत गेल्या. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात ते पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, यापुढे साक्ष नाही. साहेब हवालदिल झाले. "मामा, तुमच्या साक्षीने किती लोक येतात!"

"येतात साहेब. पण थांबतं कोण?"

साहेबांनी नावं आठवायला घेतली. थांबलेल्या बायका एकेक करून आठवल्या. कोणाच्या आजारपणात मामी दवाखान्यात बसल्या होत्या, कोणाचं तान्हं मूल मामींनी सांभाळलं होतं. साक्ष ऐकून थांबलेलं एकही नाव त्यांच्या तोंडी येईना. साहेबांचा चेहरा उतरला. त्या रविवारपासून नव्या माणसाला उभं करून टाळ्या वाजवायची पद्धत त्यांनी बंद केली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "बसू दे त्यांना निवांत."

तळमजल्यावरची चर्चला परत आली नाही. मामीच पुन्हा तिच्या दाराशी जाऊ लागल्या. मग ती गुरुवारी मामींच्या स्वयंपाकघरात येऊ लागली. तिच्या मागून आणखी एक, मग आणखी दोघी. प्रार्थना थोडी, बोलणं जास्त, रडणं सगळ्यात जास्त. मामा त्या वेळी घराबाहेर पडायचे. एका गुरुवारी निघायला उशीर झाला आणि जिन्यात ती समोरून आली. मामांनी हसून सलाम केला. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मामा खाली जाईपर्यंत तिने श्वास सोडला नाही. मामांना वाटायचं, जग आपल्याला सुटका झालेला माणूस म्हणून ओळखतं. त्या पोरीने त्यांना फक्त मारणारा म्हणून पाहिलं होतं, आणि तो त्यांनी तिला स्वतःच करून दाखवला होता. त्यानंतर गुरुवारी ते वेळेआधीच निघत. चर्चची किल्ली घेऊन बाक पुसत, पंखे उतरवून साफ करत. हे कुठल्याही रविवारी जाहीर झालं नाही.

मंडळी वाढली. गाजावाजा नाही, पण शेवटचा बाक भरला, मग त्याच्या पुढचा. आणि कुठल्यातरी साध्या रविवारी, पाहुणे नसताना, तळमजल्यावरची येऊन मामींशेजारी बसली. कोणी वळून पाहिलं नाही. मान न वळवण्यासाठी मला केवढे कष्ट पडले, ते प्रभूलाच ठाऊक.

मामा मात्र पुन्हा माफी मागायला धजत नव्हते. आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटतो, मग तिला कसा खरा वाटेल? एका संध्याकाळी मामी भांडी घासत होत्या आणि मामा ती पुसून ठेवत होते. मामी म्हणाल्या, "आज एक नवी पोरगी आली होती. हाताला लागलंय. म्हणते, पडले." पुढचं भांडं घासायला घेत म्हणाल्या, "मीही तेच म्हणायचे. तुमच्या साक्षीत पट्टा असतो, जिना असतो. माझी आई नसते."

"आई?"

"ती भेटायला यायची तेव्हा मी म्हणायचे, पडले. आणि तुम्ही हसून म्हणायचात, 'तुमची मुलगी चालताना समोर बघतच नाही.' आईला ते खरं वाटलं. चारचौघांत सांगायची, आमची पोरगी धांदरट. अगदी शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, 'बाई, जपून चालत जा.'"

मामांना यातलं काहीच आठवत नव्हतं. इतक्या वर्षांत इतक्या वेळा आपलं पाप सांगितलं, आणि हे त्यात कधी आलंच नव्हतं. माफीचा शब्द जिभेवर आला, तो त्यांनी गिळला. हातातलं ताट खाली ठेवलं आणि ते तिथेच फरशीवर बसले.

"अजून काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ आहे."

"सांग."

मामींनी नळ बंद केला, हात पुसले, आणि सांगायला लागल्या.