ताईने काढलेलं माझं चित्र

माझ्या थोरल्या बहिणीने काढलेलं एक मोठं तैलचित्र आमच्या राजाजीनगरच्या घरात, हॉलच्या भिंतीवर होतं. मागच्या दारी पायरीवर बसून केस वाळवणारी मुलगी, पाठमोरी. ती मुलगी म्हणजे मी. चित्र पूर्ण झालं त्याच वर्षी माझं लग्न झालं. पुढे काही वर्षांनी ताई गेली.

यांना ते चित्र कधीच आवडलं नाही. "घरात येणाऱ्याकडे पाठ करून बसलेली बाई कशाला हवी भिंतीवर?" पाहुण्यांसमोरही म्हणायचे. मी हसून सोडून द्यायचे. संसारात एवढी एकच गोष्ट मी माझ्या मनासारखी ठेवली होती.

गेल्या वर्षी यांना पक्षाघात झाला. बेडरूम अरुंद, म्हणून खाट हॉलमध्ये टाकली. नेमकी चित्रासमोर, दुसरीकडे जागाच नव्हती.

एका दुपारी भरवत होते, तर यांनी तोंड मिटून घेतलं.

"ती वळणार आहे," म्हणाले.

"कोण?"

डोळ्यांनीच भिंतीकडे दाखवलं.

"अहो, ती मीच. ताईने नाही का काढलं माझं?"

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "तू कशी असशील? तू तर म्हातारी आहेस."

मी चित्रावर चादर टाकून पाहिली. चादरीआड ती हलते म्हणून हे जास्तच घाबरले, रडायला लागले. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला राहणाऱ्या ताईच्या मुलीला फोन केला. ती रविवारी टेम्पो घेऊन आली.

"मावशी, नक्की ना?"

"ने बाई."

आम्ही दोघींनी चित्र उतरवलं, जुन्या साडीत गुंडाळलं. जिन्याच्या वळणावर फ्रेम अडकली. वाटलं, नाहीच निघालं तर बरं. "स्वल्प, स्वल्प, अक्का," थोडंसंच राहिलंय, असं कानडीत म्हणत टेम्पोवाल्याने ती तिरपी केली आणि चित्र गेलं.

वर आले तर हे शांत झोपले होते. म्हटलं, चला, निदान यांना तरी बरं वाटलं.

थोड्याच दिवसांत खिडकीच्या पडद्याची भीती सुरू झाली. पडदा काढला, तर पंख्याची. डॉक्टर म्हणाले, "हे मेंदूतूनच येतंय. आता असंच चालायचं." म्हणजे चित्राचा तसा काही संबंधच नव्हता.

भाचीला सांगितलं, तर लगेच म्हणाली, "मग आणून देऊ का परत?"

मी नको म्हटलं. पुन्हा एकदा ते उतरवायचं बळ माझ्यात नव्हतं.

तिने मोबाइलवर फोटो पाठवला. सोफ्यामागे लावलंय, उजेडही चांगला येतो. ये म्हणते बघायला, पण यांना कोणाच्या भरवशावर सोडून जाऊ? बोटांनी फोटो मोठा करून पाहिला, तर ताईच्या ब्रशचे फटकारे फिसकटून गेले. इतक्यात यांनी हाक मारली. लादी पुसायला आलेल्या बाईने पंखा लावला होता. उठून बंद केला. ऐन उन्हाळ्यातही तो आता बंदच असतो.