छाती चौतीस, पोट नाही

माझ्या आयुष्यात मी एकदाच साहेब झालो, आणि तेही फक्त दुपारी बारा ते साडेतीन. त्याआधी मी कारकून होतो. साडेतीननंतरही कारकूनच होतो, पण आता ते एका अख्ख्या गावाला माहीत झालं होतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. नव्या कचेऱ्या उघडत होत्या. कुठे खुर्च्या होत्या तर पाटी नव्हती, कुठे पाटी होती तर आत खुर्च्या नव्हत्या. अशाच एका कचेरीत मी आवक-जावकला लागलो होतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो पुढे ढकलायचा, एवढंच काम. साहेब लोक इतके भराभर नवे येत होते, की कोण कोणता साहेब हे आम्हालाही कळत नसे. त्यात दुष्काळ. नळाला चार दिवसांआड पाणी. अंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यात कपडे धुवायचे आणि ते पाणी पपईला घालायचं. (पपई आमच्यापेक्षा टवटवीत दिसायची!)

खोलीत माझ्यासोबत शिवराज राहायचा. तो उदगीरचा. कुठल्याशा मासिकातून त्याने 'पुरुषांनी कसे राहावे' या सदराची कात्रणं कापून एका वहीत चिकटवली होती. कामावर जाताना काय घालावं, विरंगुळ्याला काय घालावं, पट्टा आणि बूट एका रंगाचे का असावेत, सगळं त्याला तोंडपाठ. माझ्याकडे कामाचा पोशाख म्हणजे दोन शर्ट, आणि विरंगुळ्याचा पोशाख म्हणजे बनियन.

अशात नायगावहून सखाराममामाचं पत्र आलं. उदगीरच्या अलीकडच्या एका गावात मुलगी आहे, मॅट्रिक झालेली, माणसं आपलीच आणि चांगली आहेत, रविवारी बघायला जायचं. मी पत्र शिवराजला दाखवलं. ही माझी पहिली चूक.

"मुलगी बघायला जाणं कामात येतं का विरंगुळ्यात?" मी विचारलं.

शिवराजने वही चाळली. त्यात ते नव्हतं. त्याने वही मिटली आणि तो म्हणाला, "दोन्हीत येतं. म्हणून दोन्ही घाल."

झालं! कामासाठी सफारी ठरली. त्या काळात सफारी घातलेला माणूस किमान अधिकारी तरी असायचा किंवा ठेकेदार तरी. विरंगुळ्यासाठी गळ्यात ठिपक्यांचा रुमाल आणि डोळ्यांवर काळा गॉगल. माझे बूट तपकिरी आणि पट्टा काळा, म्हणून शिवराजने तपकिरी बुटांना काळं पॉलिश चोपडलं.

सफारी शिवायला युसूफभाईकडे टाकली. त्यांनी माझ्याभोवती टेप फिरवला, मग पुन्हा फिरवला. टेपला काही लागतच नव्हतं.

"मियाँ, कपडा तो मैं सी देतूं," ते म्हणाले, "पर अंदर आदमी कां से लाऊं?"

रविवारी सकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा युसूफभाई अजून बटणं लावत होते. मी दुकानातच सफारी चढवली आणि नायगावहून आलेल्या मामाला घेऊन स्टँडकडे पळालो.

मामा पांढऱ्या धोतरात होता. जयंतीला घालायचा कडक सदरा त्याने अंगात घातला होता. गाडीतून उतरल्यावर गावापर्यंत चालायचं होतं. मामाच्या टाचेत काटा मोडलेला, त्यामुळे तो लंगडत चार पावलं मागे. शिवराजची रेक्झिनची बॅग त्याच्या हातात. (आत एक टॉवेल होता. बॅग शिवराजच्या आग्रहाखातर.) पुढे मी, सफारी, गॉगल, रुमाल, मागे बॅग धरलेला मामा. आज डोळ्यांपुढे ते चित्र आणलं की गावकऱ्यांना दोष देववत नाही.

रस्त्यावर रोजगार हमीचं काम चालू होतं. बायाबापड्या खडी फोडत होत्या. मुकादमाने मला पाहिलं, बिडी विझवली आणि लगबगीने मामाकडे गेला.

"कोण पावनं?"

आता मामा काय सांगणार? भाच्याचं लग्न जमवायला निघालेला माणूस! त्याने छाती फुगवली.

"लातूरचं साहेब हाय. जिल्ह्याच्या हाफिसातलं!"

एरवी या थापेला कोणीही भीक घातली नसती. पण जिल्ह्याहून साहेब पाण्याची पाहणी करायला येणार, असा निरोप गावाला आला होता, आणि नव्या जिल्ह्याच्या साहेबाचं तोंड कोणीच पाहिलेलं नव्हतं. मुकादम कामावरच्यांवर ओरडला, "हात चालवा रे, साहेब आलं!" आणि स्वतः गावाच्या दिशेने पळत सुटला.

"मामा, हे काय होऊन राहिलंय?" मी विचारलं.

"गप ऱ्हा! मुलीकडच्यांनी मानपान केला तर करू दे. लई चांगली माणसं हायती."

वेशीवर सरपंच, ग्रामसेवक आणि अर्धा गाव उभा होता. दुष्काळात फुलं कुठली? शाळेच्या तसबिरीवरचा कागदी हार काढून माझ्या गळ्यात घातला गेला. हे माझ्यासाठी नाही, हे मला तेव्हाच कळलं. तोंड उघडून सांगायचंही होतं. पण खोटं का बोलू? त्या हाराखाली, त्या सफारीत, मला फार बरं वाटत होतं. आवक-जावकला सहा महिन्यांत कोणी मला 'बसा' म्हटलं नव्हतं.

"पयलं हीर बघा साहेब," सरपंच म्हणाले.

मी विहिरीच्या काठावर वाकलो. साहेब कसा बघेल तसं बघण्यासाठी जरा जास्तच वाकलो. गॉगल निसटला. सगळे कान देऊन उभे राहिले. खालून आवाज आला, टण्!

"बघा!" सरपंच एकदम आनंदाने ओरडले. "ऐकलं का साहेब? डुबुक झालं न्हाई! टण् झालं! आता अजून काय पुरावा पायजे?"

एक माणूस दोर सोडून खाली उतरला आणि गॉगल घेऊन वर आला. त्याच्या तळपायांना ओलसुद्धा लागली नव्हती. मघापासून उन्हाने माझ्या बुटांचं काळं पॉलिश वितळत होतं आणि त्यावर गावची धूळ बसत होती. एका बुटाला आतला तपकिरी रंग दिसायला लागला होता. सफारीच्या मागच्या चिरेतून काहीतरी फडफडतंय असंही मधूनमधून वाटत होतं. मला वाटलं वारा असेल.

"आता चहा?" ग्रामसेवकाने विचारलं.

"चहा वस्तीत," मामा ठामपणे म्हणाला. "साहेबांचा चहा तिथंच ठरलाय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलीचं घर गावाच्या खालच्या अंगाला, विहाराच्या मागे आमच्या लोकांच्या वस्तीत होतं. सरपंच क्षणभर थबकले. पण साहेब निघाले म्हटल्यावर गावही निघालं.

मुलीच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. ते दारात उभे होते. भाच्यासोबत एक मामा येईल म्हणून त्यांनी एक सतरंजी टाकली होती. समोरून सरपंच, ग्रामसेवक आणि निम्मं गाव येताना पाहून ते दाराची चौकट धरून उभे राहिले. पाटलाच्या घरून खुर्च्या आल्या. त्या दारात खुर्च्या येण्याची ती पहिलीच वेळ असावी, कारण तात्या बसायचं सोडून त्या खुर्च्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. आता खरं सांगितलं असतं तर माझ्याआधी त्यांचीच मान खाली गेली असती.

दार ठेंगणं होतं. मी वाकून आत गेलो, हातपाय धुतले (तांब्यात दोनच घोट पाणी होतं, मी एकच वापरलं) आणि बाहेर येऊन बसलो. मुलगी चहा घेऊन आली. रत्नमाला तिचं नाव. मी गॉगल काढला. वहीत तसं लिहिलं होतं.

"काय शिकलीस?" मामाने विचारलं.

"मॅट्रिक." तिने कप माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "साहेब, मी एक विचारू का?"

मुलीने प्रश्न विचारायची रीत नव्हती. तात्यांच्या कपाळावर घाम आला.

"टँकर चावडीवर येऊन रिकामा होतो. वस्तीत येत न्हाई. आमी घागरी घेऊन जातो तवर खालची धार संपलेली असती. त्याचं काय?"

सरपंच खाली बघायला लागले. मला एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे कागद.

"अर्ज करा," मी म्हणालो.

"तुमीच लिहा की साहेब. तुमच्या हातचा लिहिलेला बरा ऱ्हाईल."

मी लिहिला. आयुष्यात इतका नीट अर्ज मी कधी लिहिला नाही. विषय, संदर्भ, मुद्दा एक, मुद्दा दोन: टँकर चावडीवर आणि वस्तीत अशा दोन ठिकाणी उभा राहावा. खाली सरपंचांनी सही केली. साहेबांनी स्वतः लिहिलेल्या अर्जाला नाही कोण म्हणणार! ग्रामसेवकाने केली. मग गावातल्यांनी अंगठे उठवले, वस्तीतल्यांनी सह्या केल्या. रत्नमालेने रिकामे कप गोळा केले आणि आत गेली.

मी निघायला उठलो. चिरेतली फडफड पाठीमागे खुर्चीला अडकली. सरपंच मदतीला वाकले.

"साहेब, ही चिठ्ठी हो. मघापासून बघून राहिलो. आमाला वाटलं हुद्द्याची खूण असंल." त्यांनी ती टाचणीसकट काढली आणि मोठ्याने वाचली. "आवक-जावक कारकून. रविवारी घाई. छाती चौतीस, पोट नाही. खांद्याला फ्लॅप मोठे ठेवणे, म्हणजे खांदा असल्यासारखे दिसेल."

युसूफभाईच्या पोराने गिऱ्हाइकाच्या नावाऐवजी हुद्दा लिहिला होता! कुठेतरी एक शेळी ओरडली, तीही मला हसल्यासारखी वाटली.

"म्हंजे," सरपंच सावकाश म्हणाले, "आमी कारकुनाला हार घातला?"

मामा बॅगेत तोंड खुपसून टॉवेल शोधू लागला. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांचा हात खुर्चीवरून खाली आला होता. मला इतकी लाज वाटली, की त्या कोरड्या विहिरीत जाऊन बसावंसं वाटलं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "वेशीवरच सांगायला हवं होतं. मी साहेब नाही. तुमच्या सगळ्यांची, आणि तात्या, तुमची जास्त, माफी मागतो."

"आन् तो अर्ज?" सरपंच भडकले. "द्या इकडं, फाडून टाकतो!"

सतरंजीवर अर्ज नव्हता. दारातून रत्नमाला म्हणाली, "चहाच्या ताटाखाली घालून आत ठेवलाय. तुमची सही हाय त्याच्यावर, सरपंचकाका. आता फाडून कसं चालंल?"

आणि मग सांगतो काय, अख्ख्या वस्तीसमोर सरपंचांनाच आधी हसू आलं! ते हसले म्हणून ग्रामसेवक हसला, आणि ग्रामसेवक हसला म्हणून सगळे हसले. फक्त तात्या हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुमी कारकून हाय, हे आधीच ठावं होतं. तुमच्या मामानं साहेब लिवलं होतं, पर आमी लातूरला चौकशी केली होती."

"मग तुम्ही सगळ्यांसमोर बोलला का नाही?"

"खुर्च्या आल्या होत्या की हो दारात," तात्या हळूच म्हणाले.

येताना सोबत आणलेला तो अर्ज दुसऱ्या दिवशी मी माझ्याच टेबलावर घेतला, त्यावर शिक्का मारला, नंबर टाकला आणि पुढे ढकलला. माझ्या हातात एवढंच होतं. काही दिवसांनी खरे साहेब गावाला गेले. अंगात चुरगळलेला बुशशर्ट, पायात रबरी चपला. मुकादमाने त्यांना रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि विचारलं, "काम पायजे का? नाव लिवून घेतो." पण ते भले निघाले. टँकर वस्तीतही थांबायला लागला आणि पावसाळ्यानंतर आमचं लग्न झालं. तात्यांची अट एकच होती: नवरदेवाने साधा शर्ट-पँट घालावा.

लग्नानंतर मी बायकोला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"हातपाय धुऊन भाईर जाताना तुमी दारात वाकला, तवाच मागनं चिठ्ठी वाचली की."

"मग बोलली का नाहीस?"

"अर्ज लिहून व्हायचा होता ना!"

सफारीची तिने दळणाची पिशवी शिवली. मजबूत कापड, वर दोन खिसे आणि ते मोठे फ्लॅप. चिठ्ठी मात्र तिने लोखंडी पेटीत जपून ठेवली आहे आणि पाहुणे आले की ती हमखास बाहेर निघते. परवा निवृत्तीच्या दिवशी तिने ती सगळ्यांसमोर पुन्हा वाचली. छाती आता चौतीस राहिलेली नाही, पोट चांगलंच आलंय, खांद्याला फ्लॅप लावायची गरज उरलेली नाही. एवढ्या वर्षांत चिठ्ठीतलं एकूण एक माप चुकलं. बरोबर राहिलं ते फक्त पहिलं वाक्य: आवक-जावक कारकून!