दादाच्या गाडीचा क्रँकशाफ्ट

मंडळी, आत्ताच हॉस्पिटलमधून घरी आले. डोकं अजून भणभणतंय, म्हणून इथे लिहितेय.

राहनाळला माझं आणि दादाचं गॅरेज आहे. इंजिन मी बांधते, ड्रॅग रेसला, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीला, गाडी दादा चालवतो. यंदा त्याने इंजिनाची ताकद वाढवायला टर्बो बसवायचं ठरवलं. टर्बोचा जोर गाडीतला मूळचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, सोसणार नाही, म्हणून मी फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या मजबूत स्टीलचा नवा मागवला. तो रेसच्या आधी येत नव्हता. मग दादाने कुठून तरी तसलाच एक वापरलेला उचलून आणला. मी तपासला, तर त्याला केसाएवढी बारीक चीर होती.

"दादा, हा बसवायचा नाही. ही रेस सोड."

"उगाच घाबरतेस. कुछ नहीं होता."

मी हात लावला नाही, तर त्याने मित्राकडून बसवून घेतला.

आज पहिल्याच धावेत क्रँकशाफ्ट तुटला. इंजिन फुटलं, तेल टायरखाली आलं आणि गाडी कठड्यावर आदळली. दादाचा हात मोडला.

हॉस्पिटलमध्ये बाबांनी विचारलं, "झालं काय नक्की?"

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "इंजिन तिचं काम आहे, तिलाच विचारा."

आणि बाबा खरंच माझ्याकडे वळले. "तू नीट बघितलं नव्हतंस काय गं?"

दादा कण्हत होता, आई रडत होती. मी काही बोलले नाही. माझं गप्प राहणं सगळ्यांनी कबुली समजलं.

तुम्ही असतात तर त्याच्या खाटेशेजारी उभं राहून खरं सांगितलं असतं का?