तीनशे बारा चाहते

रोज सकाळी चष्मा पुसून शालिकराम मोबाइलवर मुलाच्या नावाखालचा चाहत्यांचा आकडा बघायचे आणि स्वयंपाकघरातल्या मुलीला, दिपालीला, ऐकू जाईल असा वाचायचे. काल दोन हजार चारशे नऊ, आज दोन हजार चारशे सात. दोघं कमी झाले तरी ते दिवसभर खट्टू असत, पंगतीतून पाहुणे न जेवता उठून गेल्यासारखे.

मुलगा, रोहित, गोव्याच्या एका क्लबकडून फुटबॉल खेळायचा, बचावफळीत. गोल करणाऱ्यांचे चाहते लाखांनी. गोल अडवणाऱ्याचं नाव लोक घेत ते त्याच्या हातून चूक झाली की. नव्या हंगामाचा करार करताना क्लब मोबाइलवरची लोकप्रियताही बघणार, असं रोहित फोनवर बोलून गेला, आणि शालिकरामांनी तो आकडा मनावर घेतला.

दिपाली नागपुरातल्या मिहानमध्ये एका कंपनीत क्लबांसाठी नेमकं हेच मोजायची. खेळाडूचे चाहते किती आणि त्यांतले खरे किती. तिच्या यादीत रोहितचं नाव आलं तेव्हा तो आपला भाऊ आहे हे तिनं साहेबांना सांगितलं नाही. शहराच्या कडेला, बेसातल्या घरात म्हाताऱ्या बापाशी तर ती कामाबद्दल बोलतच नसे.

डिसेंबरात शालिकराम संत्र्याच्या तोडणीसाठी नरखेडकडे गावी गेले. ते परत आले त्याच आठवड्यात दिपालीच्या पडद्यावर रोहितचे तीनशे बारा नवे चाहते आले. सगळी खाती पंधरा दिवसांत उघडलेली. कोणाचाही चेहरा नाही, प्रत्येकाच्या नावाशेजारी संत्र्याचं चित्र. कोणी कधी एक ओळ लिहिलेली नाही. नियमानं ही सगळी खोटी.

खूण करता करता तिला एक नाव दिसलं, कौशल्या. तिची आत्या. खाली रुपराव, ज्यांच्या विहिरीत ती पोहायला शिकली होती. मग तिच्या डोळ्यांसमोर बाबाच आले, झाडाखालून झाडाखाली जात, तोडणीवाल्यांचे फोन मागत, त्यांवर खाती उघडून देत.

ही माणसं खरी आहेत म्हणायचं तर आपण त्यांना कसं ओळखतो हेही सांगावं लागलं असतं. तिनं सगळ्या नावांवर खूण केली आणि अहवाल पाठवला.

फेब्रुवारीत रोहितचा करार झाला नाही. चाहते विकत घेतले असं क्लबला वाटलं, म्हणून रोहितनं फोनवर बापाला बरंच सुनावलं. शालिकरामांनी ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर त्यांनी दिपालीला विचारलं, "खोटे काहून म्हणते वं? कौशल्या त मॅच पाहाले पाण्याच्या टाकीवर चढते, खाली रेंज नाही म्हणून. कोण ठरवते हे?"

"मशीन ठरवते, बाबा."

"असं होय," ते म्हणाले. "मंग कोणाले बोलावं."

त्यानंतर आकडा वाचणं थांबलं. पुढच्या खेपेला त्यांनी गावात घरोघरी जाऊन, माह्याच्यानं चूक झाली, तुमची नावं काढून टाका, असं सांगितल्याचं आत्यानं कळवलं. येत्या रविवारी बाबांना खरं सांगायचं, असं दिपाली दर रविवारी ठरवत राहिली.

एप्रिलच्या एका सकाळी ते पुन्हा गावी निघाले. तिथंच दुसऱ्या दिवशी छातीत कळ आली आणि ते गेले. त्या सकाळी निघताना ते दारात चपला घालत होते, दिपाली मागं उभी होती. बोलावं असं तिला वाटलं, पण एसटीची वेळ झाली होती.

जिना उतरता उतरता ते म्हणाले, "बाथरूमचा लाइट चालू राह्यला वं, बंद कर."