किडेमास्तरांची बुढी

किडेमास्तरांना एका जागी बसवत नसे. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलेलं होतं, पण त्यावर कायम बरण्या असत. ते स्वतः दारापासून नळापर्यंत आणि नळापासून कपाटापर्यंत फेऱ्या मारत असत. हाताला काम उरलं नाही की धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवत. वर्ग चालू असताना मागच्या बाजूला त्यांच्या चपलांचा आवाज चालूच असायचा. सुरुवातीला मला त्याचा फार त्रास झाला. आठ दिवसांनी तो आवाज थांबला की मीच वळून पाहायला लागले.

हुद्द्याने ते मास्तर नव्हतेच. प्रयोगशाळेतले शिपाई होते. बेडूक पकडणं, झुरळं पुरवणं, बरण्यांतलं स्पिरिट बदलणं ही त्यांची कामं. पण कुठल्या किड्याला किती पंख आणि तो कुठल्या झाडावर सापडतो हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, म्हणून मुलांनी त्यांना मास्तर करून टाकलं होतं. मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले ती साठ सालच्या आगेमागे. घर अकोल्याला. अमरावतीत एक खोली घेतली होती आणि शनिवारी दुपारी बडनेऱ्याला जाऊन पॅसेंजर पकडायची, हा ठरलेला क्रम.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी भेता का?"

"कशाला?"

"बुढीले."

मला वाटलं, घरातल्या कोणाबद्दल बोलताहेत. त्यांनी मला खिडकीखालच्या काचेच्या पेटीपाशी नेलं. माशांसाठी आणलेली पेटी, तळाला गळायला लागली म्हणून टाकून दिलेली. त्यात वीतभर काळी माती, फुटक्या माठाचं एक खापर आणि बरणीच्या झाकणात पाणी. खापराखाली माझ्या पंजाएवढा केसाळ कोळी बसलेला होता. पुस्तकात मी टॅरेंटुलाचं चित्र पाहिलं होतं. चित्र आणि हे यात फरक होता. मी एक पाऊल मागे घेतलं.

"भेता," मास्तर म्हणाले आणि पुन्हा फेऱ्या मारायला लागले.

मोर्शीकडे एका संत्र्याच्या बागेत त्यांचा भाऊ कामाला होता. झाडाचं आळं खणताना ही निघाली. भावाने फावडं उगारलं, तेव्हा मास्तरांनी मध्ये हात घातला आणि तिला तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून एस.टी.ने अमरावतीला आणली. डब्यात काय आहे असं कंडक्टरने विचारलं, तर म्हणाले, "घरची बुढी हाये." तेच नाव पडलं.

बुढीचं जेवण आठवड्यातून एक झुरळ. मास्तर ते असं निवडत, जसं कोणी बाजारात वांगं निवडावं. घरांतून औषध फवारणारे लोक तेव्हा गावभर फिरत, त्यामुळे कुठलंही झुरळ चालत नसे. कोणी आणून दिलंच तर पहिला प्रश्न, "तुमच्या इथं डीडीटी मारली का?" एकदा ते फवारणीवाले प्रयोगशाळेतच आले. मास्तर दारात आडवे उभे राहिले. "आत पेशंट हाये," म्हणाले. फवारणीवाले बिचारे परत गेले.

त्यांचा दुसरा नियम असा की बुढीने तासाभरात झुरळाला तोंड लावलं नाही तर ते लगेच उचलायचं. "जेवाचं नसन तर ताट समोर ठेवाचं नाई," ते म्हणत. मला हे विचित्र वाटे. आमच्या घरी नेमकं उलट होतं. कोणी रुसून वा आजारपणाने जेवलं नाही तर आई ताट झाकून त्याच्या उशाशी ठेवून द्यायची. उठेल, दोन घास खाईल. ते ताट उचलणं म्हणजे त्या माणसाचा अपमान.

त्या वर्षी मार्च सरता सरता बुढीने जेवण सोडलं. झुरळ जवळ गेलं की पुढचे दोन पाय वर उचलून त्याला हुसकावून लावायची. मास्तर खूश झाले. "कात टाकाची तयारी हाये," म्हणाले. "संत्र्याचं पाणी तोडते ना बहराच्या आधी? ताण देते झाडाले. हिनं सोतालेच ताण देल्ला." मास्तरांच्या घरच्यांनी नागपूरला दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून सगळे उपासतापास बंद केले होते. त्यावरून ते हसत. "आमी उपास सोडले अन् हे बुढी करून राहिली."

एप्रिलच्या मध्यावर आमचे विभागप्रमुख प्रयोगशाळेत आले. विद्यापीठाची कमिटी पाहणीला येणार होती. पेटीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मास्तर, एवढा मोठा नमुना असा कोपऱ्यात कशाला? बरणीत घाला. स्पिरिटमध्ये छान दिसेल."

मास्तरांच्या हातातली परीक्षानळी खाली पडून फुटली. त्यांनी तुकडेही उचलले नाहीत. "सायब, कात टाकू द्या तिले. कातीत डोये, दात, केस, सारं तसंच राह्यते. ते ठेवा बरणीत. बुढी तशीच दिसन."

"आणि नाही टाकली तर?"

मास्तर खाली वाकून काचा वेचायला लागले.

"कमिटी सोमवारी येतेय," प्रमुख म्हणाले. "रविवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहा. नाही तर बरणी. आणि ते काम तुम्हीच करा, दुसऱ्याच्या हाताने पाय तुटतील."

तो आठवडा माझ्या लक्षात आहे. बाहेर रस्ता भाजून निघत होता. मास्तर तासातासाला पेटीच्या कडेने चमचाभर पाणी सोडत, माती फार सुकली तर कात अंगाला चिकटून बसते म्हणून. खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, तोही ओला ठेवायचा. बुढीने मातीवर पांढऱ्या धाग्यांची गादी विणली, मग तिच्यावर नुसती बसून राहिली. बुधवार गेला, गुरुवार गेला. मास्तरांच्या फेऱ्यांनी फरशी झिजेल असं वाटायला लागलं. मी वह्या तपासायला बसे आणि एकच पान तीनदा वाचे. शेवटी मीही उठून पेटीपाशी जाई. तिथून मास्तर मला हाकलत. "तुमी कावून घडीघडी येऊन राहिल्या? लाजते ते."

शुक्रवारी संध्याकाळी त्यांना मोर्शीला जावंच लागलं. सख्ख्या पुतणीचं लग्न. ते रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने परतणार होते. त्या शनिवारी मी अकोल्याला गेले नाही. मला कामं समजावून देताना त्यांनी बोटं मोजली. पाणी कडेने, पडदा ओला, पेटीला धक्का नाही. "अन् बाई, खायाले काही टाकू नोका. कितीबी दया आली तरी."

मला दया येत नाही, असं मी त्यांना सांगितलं. तेव्हा ते मला खरंही वाटत होतं.

शनिवारी दुपारी मी एकटीच होते. बुढीचं अंग सुकल्यासारखं दिसत होतं, ती हलत नव्हती. महिना होत आला होता. मला वाटलं, अशीच राहिली तर कात टाकायलाही अंगात जोर उरायचा नाही, आणि उद्या संध्याकाळी मास्तरांना स्वतःच्या हाताने तिला बरणीत घालावं लागेल. मी डब्यातलं एक झुरळ चिमट्याने पेटीत सोडलं. तासभर थांबले. तिने पाहिलंही नाही. ते काढून घ्यायला हवं होतं. मी एम.एस्सी. झालेली बाई, मला एवढं कळत होतं. पण मनात आलं, असू दे समोर, वाटलं तर खाईल. आणि कुलूप लावून खोलीवर गेले.

रविवारी आठ वाजता कुलूप काढलं. बुढी उताणी पडली होती, आठही पाय आभाळाकडे. शेजारी दुसरी एक बुढी, पोकळ, अर्धी सुटलेली. नवे पाय जुन्या पायांतून मोज्यातून निघावेत तसे निघत होते, मेणासारखे पांढरट आणि मऊ. आणि त्यांतल्या एका पायाच्या टोकाला ते झुरळ चिकटलेलं होतं. खात होतं.

मी चिमटा उचलला तोच मागून आवाज आला. "हात लावू नोका!"

मास्तर दारात उभे होते, लग्नातल्या पांढऱ्या सदऱ्यात, खांद्याला पिशवी.

"मी टाकलं ते," मी म्हणाले. "काल दुपारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "टाकलं ना? झालं. आता गप बसा. या येळी तिले धक्का लागला तर मरन ते."

ते पेटीसमोर उकिडवे बसले, लांब चिमटा आत सोडून, हात हवेत धरून. मला वाटलं, पाच मिनिटांत होईल. तासभर गेला. त्यांच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता, तो त्यांनी पुसला नाही. शेवटी झुरळ पाण्याच्या झाकणाकडे वळलं. चिमटा एकदाच मिटला.

"पोरीच्या लग्नात जेवलो नाई मी," झुरळ खिडकीबाहेर फेकून ते म्हणाले. "ध्यान इथंच होतं."

दुपारपर्यंत बुढी सुटी झाली. कात मऊ होती तोवर मी ती मेणाच्या ट्रेमध्ये ठेवून एकेक पाय टाचणीने नीट पसरला. तेवढं मला येत होतं. आठ पाय, दात, पाठीवरचा केसन्‌केस. दुसऱ्या दिवशी बुढीने तो कुरतडलेला पाय स्वतःच मुळापासून सोडून दिला. मास्तरांनी तो उचलला, कागदात गुंडाळला आणि खिशात घातला.  मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

कमिटीला ती कात फार आवडली. तीच प्रमुखांनाही इतकी आवडली की लोक गेल्यावर ते म्हणाले, "आता मूळ प्राणीही शेजारी ठेवू. जोडी दिसेल." मग पेटीत वाकून पाहिलं. "हे काय? सातच पाय? मुलांना आपण आठ शिकवतो."

"पुढच्या कातीले येते, सायब," मास्तर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"ठीक आहे. मग पुढच्या वर्षी."

त्यानंतर मास्तर प्रयोगशाळेत नीट टिकेनात. बरण्या चुकीच्या कपाटात ठेवत. बुढी मात्र कातीनंतरचे मऊ, पांढरे दात काळे आणि टणक होताच पुन्हा जेवायला लागली होती, सात पायांवर ऐटीत. दिवाळीच्या सुट्टीआधी ते मला म्हणाले, "सायबानं इचारलं तर?"

"मी सांगते," मी म्हणाले. त्यांनी काय ठरवलं होतं ते मला विचारावं लागलं नाही.

सुट्टीनंतर पेटी रिकामी होती. प्रमुखांनी विचारलं तेव्हा मी "मेली, सर" म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पेटीत मासे ठेवायला सांगितले. ती अजूनही गळत होती, याची मी त्यांना आठवण करून दिली.

पुढच्या वर्षी मला अकोल्याच्या कॉलेजात जागा मिळाली. मग लग्न झालं. मास्तरांची गाठ पडायचं कारण राहिलं नाही. दोनेक वर्षांनी, जूनच्या सुरुवातीला, एके सकाळी ते दारात उभे. थकलेले दिसत होते. मी आत बोलावलं, तर म्हणाले, परतीच्या गाडीला तासच आहे. खिशातून त्यांनी उदबत्तीचा पुठ्ठ्याचा पुडा काढला. आत कापूस, कापसात कात.

"दर रविवारी मोर्शीच्या बागेत जातो मी," ते म्हणाले. "बिळाच्या तोंडाशी फेकली होती तिनं. मोजा, बाई."

मी टाचणीच्या टोकाने पाय मोजायला घेतले. सात सरळ होते. आठवा आत दुमडलेला, काडीसारखा बारीक, टाचणी लावल्याशिवाय दिसलाच नसता.

"आठ," मी म्हणाले.

"पुन्हा मोजा."

मी पुन्हा मोजले.