हैदराबाद ते दिल्ली, सव्वादोन तास

माझा धाकटा भाऊ दिल्लीला असतो. आमच्या गावाला जवळचा मोठा विमानतळ हैदराबादचा. फोनवर त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "अण्णा, हैदराबाद ते दिल्ली विमानानं सव्वादोन तास. मनात आलं की आलोच समजा."

अण्णा, आमचे वडील, हे आमच्या गावात, लोहाऱ्यात, भेटेल त्याला सांगायचे. "दिल्ली आता लई लांब न्हाय." तो न येता अशा तीन दिवाळ्या गेल्या. ते वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

गेल्या हिवाळ्यात तो ऑफिसच्या कामानं एका दिवसासाठी हैदराबादला येणार होता. मी म्हटलं, "गाडी कर आणि इकडं ये."

"नाही जमणार गं ताई, संध्याकाळचं परतीचं विमान आहे. तूच अण्णांना घेऊन विमानतळावर ये ना."

पक्षाघातानंतर अण्णा डावा पाय ओढत चालतात. मी नाही म्हणणार होते. पण अण्णांनी फोन ऐकला होता. इस्त्रीचं धोतर काढून ते तयार!

त्या दिवशी पहाटे जीपनं उमरग्याला गेलो, तिथून हैदराबादची बस. वाटेत अण्णांना लघवीला उतरायचं होतं, तर कंडक्टर कुरकुरला. मी त्याच्याशी भांडले. पुढं शहर ओलांडायला रिक्षा. विमानतळावर तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून दारासमोरच्या कठड्यावर अण्णांना टेकवलं.

भाऊ उशिरा आला. अण्णांच्या गळ्यात हात टाकून त्यानं माझ्याकडून फोटो काढून घेतला. मी केलेले धपाटे पुढं केले, तर म्हणाला, "नको गं, विमानात मिळतं." अर्ध्या तासात घड्याळ बघायला लागला.

अण्णांनी कौतुकानं विचारलं, "किती लांब रं दिल्ली?"

"साडेबाराशे किलोमीटर. रात्री जेवायला घरी असेन."

"अन् इथनं लोहारा?"

त्याला सांगता येईना. माझा तोल गेला.

"अडीचशे! तू जेवून झोपशील तेव्हा हा म्हातारा पाय धरून बसमध्ये बसलेला असेल. पुन्हा यांना सव्वादोन तासांच्या गोष्टी सांगू नकोस. यायचं नसेल तर तसं सांग."

"ताई, लोक बघतायत."

"बघू देत की!"

तो अण्णांच्या पाया पडला आणि आत गेला.

परतीच्या बसमध्ये अण्णा म्हणाले, "तुझं तोंड लई वाईट. पोरगं उपाशी गेलं."

"आणि तुमी सकाळपासून काय खाल्लंय?" मी त्यांच्यावरही ओरडले. मग डबा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

घरी पोचेपर्यंत त्यांचा पाय टम्म सुजला होता. मी तेल चोळत बसले असताना मोबाइल वाजला. भावानं तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली भराभर बदामांची चित्रं. कुणीतरी लिहिलं होतं, 'आमचा श्रावणबाळ'.

मी ग्रुप सोडला.

तुळजापुरातून आत्याचा फोन आला. "अगं, काय झालं? ग्रुप का सोडलास?"

"अण्णांचा पाय सुजलाय. बघायला येता का?"

येते म्हणून आत्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी एसटीनं आली. भावानं तिला सगळं सांगितलं असावं, कारण आल्या आल्या तिनं विचारलं, "पण तू त्याला चारचौघांत बोललीस कशाला?"

मी तिला चहा दिला. आजही वेळ आली, तर मी त्याला चारचौघांत तेच बोलेन.