चौथ्या एलपीची दुसरी बाजू

चार माणसांचं एकाच बँडवर प्रेम असलं की भांडायला पाचवा लागत नाही. आणि भांडण दर रविवारी ठरलेलं असलं की किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे इतके साठलेत की बायको म्हणते, "एकदाचे सांगून टाका आणि मोकळे व्हा!"

साठच्या दशकातलं बेंगळूर. मल्लेश्वरममध्ये अण्णांच्या घरी रेडिओग्राम होता, म्हणून अण्णा अध्यक्ष. चिकपेटेत कापडाचं दुकान, तीन पिढ्या इथेच गेलेल्या. दुसरे नेने, बँकेतले, पुण्याहून बदली होऊन आलेले आणि त्यामुळे सर्वज्ञ. तिसरा निपाणीचा वासू, कारखान्यात ड्राफ्ट्समन. चौथा मी. बँड इंग्लंडचा. नाव सांगत नाही, नाहीतर आजही कोणीतरी भांडायला घरी येईल.

मंडळाचा नियम एकच. जी एलपी जगाला आवडते तिचं इथे नाव काढायचं नाही. जी कोणालाच आवडत नाही, तीच थोर!

मी नवीन असताना एकदा बोलून गेलो, "पहिली एलपी छान आहे हो."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. नेने हळहळत म्हणाले, "असू दे. सुरुवातीला सगळ्यांचं असंच असतं."

शिक्षा म्हणून महिनाभर मला व्हरांड्यात बसवलं. खरं सांगतो, तिथून आवाज जास्त चांगला यायचा.

*

दुसरी एलपी बरेच दिवस आमच्या दुर्लक्षितांच्या यादीत मानाने होती. एका रविवारी नेने पडलेल्या चेहऱ्यानं आले. आम्हाला वाटलं, पुण्याहून तार आली.

"संपलं सगळं," ते म्हणाले. "बसस्टॉपवर दोन कॉलेजची पोरं त्यातलं गाणं शिट्टीवर वाजवत होती. लोकांना आवडायला लागली!"

अण्णांनी तिचं नाव यादीतून खोडलं. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो.

*

तिसरी एलपी बोटीनं येताना फुटली. कव्हर तेवढं धडधाकट पोचलं. साबणानं हात धुऊन आम्ही ते एकमेकांकडे दिलं. नेने त्यावर तासभर बोलले. ड्रम्सचा संयम, गिटारची व्याकुळता, काही म्हणून सोडलं नाही.

वासूनं भाबडेपणानं विचारलं, "नेने, तुम्ही ही कुठं ऐकलासा?"

"ऐकल्यावर काय," नेने म्हणाले, "कोणीही बोलेल!"

*

अण्णांच्या आईंना सगळे अक्का म्हणत. तिसरीची नवी प्रत आल्यावर एकदा ती थोर की चौथी यावर आवाज इतका चढला की त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"दोन्ही एकदम लावा की रे," त्या म्हणाल्या. "स्वल्प लवकर तरी उरकेल!"

*

आता वासूचं. वासूला अण्णांची धाकटी बहीण शकू आवडायची. शकूलाही तो आवडत असावा, कारण कॉफी देताना तिचा पहिला पेला त्याला असायचा. वडील नव्हते, म्हणजे होकार अण्णांचा. आणि अण्णांचा जीव चौथ्या एलपीवर. त्यांनी ती दोन वर्षं वाट पाहून मागवली होती. दुसऱ्या बाजूला एकच गाणं, बावीस मिनिटांचं. त्यातली नऊ मिनिटं कोणीतरी घंटा वाजवतो. ज्याला ही बाजू कळली नाही त्याला या घरात जागा नाही, असं अण्णा उघड सांगत.

वासूला त्या घंटेनं गाढ झोप यायची. मी शेजारी बसून त्याला वर्षभर चिमटे काढले. अण्णांना वाटायचं, पोरगा डोळे मिटून ऐकतो!

शेवटी वासूनं धीर केला आणि एका रविवारी मागणी घातली. अण्णा उठले, चौथ्या एलपीची दुसरी बाजू लावली आणि म्हणाले, "बोल. हिच्यात तुला काय दिसतं?"

वासू बोलला. घंटा सुरू झाली तेव्हा बोलायला लागला, थांबली तरी बोलतच होता. एकांत म्हणाला, काळ म्हणाला, ब्रह्मांडसुद्धा म्हणाला. नेने वहीत लिहून घेत होते! अण्णांचे डोळे भरून आले.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "माझा होकार."

तेवढ्यात दारातून शकू म्हणाली, "माझा नाही."

"का गं?"

"अण्णा, इथे तू ही दर रविवारी लावतोस. सासरीही हेच ऐकत बसू?" तिनं वासूकडे बोट दाखवलं. "यांना ही खरंच इतकी आवडत असेल, तर मला हे लग्न नको."

वासूनं एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा शकूकडे. खरं बोललं तर घर जाणार, खोटं बोललं तर शकू! मला त्याच्याकडे बघवेना.

मग तो उठला. "अण्णा, माफ करा," तो म्हणाला. "मला ह्यातलं काय बी कळत नाही. वर्षभर मी इथं झोपतोय."

नेन्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. शकू दारात हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

अण्णा रेडिओग्रामपाशी गेले. मग त्यांनी सुई उचलली, रेकॉर्ड पुसून कव्हरात घातली आणि वासूच्या हातात दिली.

"लग्नाचा आहेर समज," ते म्हणाले. "पण परत आणायची नाही! मलाही त्या घंटेनं झोपच येते."